लवकर ओळख, एकत्र उपचार : सातारा-सांगलीच्या पालकांसाठी

बाळ वर्षाचं होत आलं तरी बसत नाही, दोन वर्षांचं झालं तरी ‘आई’ म्हणत नाही, असं दिसलं की घरात पहिलं वाक्य ठरलेलं असतं : ‘त्याचा बापपण उशिराच बोलला होता.’ बऱ्याच मुलांच्या बाबतीत ते खरंही ठरतं. पण ज्यांच्या बाबतीत ठरत नाही, त्यांचं वर्ष-दीड वर्ष वाट पाहण्यात निघून जातं आणि उपचाराचा सगळ्यात उपयोगी काळ हातचा जातो. कोणतं मूल निव्वळ उशिरा शिकणारं आणि कोणाला खरोखर मदत हवी, हे ओसरीवर बसून ठरत नाही, त्यासाठी तपासणी लागते. ही तपासणी आणि पुढचे उपचार सातारा व सांगली या दोन्ही जिल्ह्यांत सरकारी व्यवस्थेत मोफत मिळतात. ती व्यवस्था कशी चालते, तिच्यात कोण काय करतं आणि घरच्यांचा वाटा कुठे येतो, ते पाहू.

पहिली वर्षं का मोलाची

जन्माच्या वेळी बाळाच्या मेंदूचं वजन मोठ्या माणसाच्या मेंदूच्या साधारण पाव असतं. दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस ते पाऊण भागापर्यंत जातं. या काळात मेंदूतल्या पेशींची आपसातली जोडणी झपाट्याने होते आणि ती वापरावर ठरते. जन्मतःच मोतीबिंदू असलेल्या डोळ्याकडून मेंदूपर्यंत स्पष्ट चित्र पोहोचतच नाही, म्हणून मेंदू त्या डोळ्याने पाहायला शिकत नाही. पाचव्या-सहाव्या वर्षी शस्त्रक्रिया करून मोतीबिंदू काढला तरी नजर पूर्ण येत नाही, कारण अडचण तोवर डोळ्याची राहिलेली नसते.

काही आजारांत तर वेळेचा हिशेब अगदी काटेकोर असतो :

• जन्मजात थायरॉईडची कमतरता असेल, तर पहिल्या दोन आठवड्यांच्या आसपास गोळी सुरू व्हावी लागते. ती वेळेवर मिळाली तर बाळाची बुद्धी शाबूत राहते.

• ३४ आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाच्या डोळ्यांचा पडदा जन्मापासून ३० दिवसांच्या आत तपासून घ्यावा लागतो.

• ऐकण्याची चाचणी पहिल्या महिन्यात, पक्कं निदान तिसऱ्या महिन्यापर्यंत आणि श्रवणयंत्रासह उपचार सहाव्या महिन्यापर्यंत, असा क्रम जगभर पाळला जातो.

• पाय आत वळलेला असेल, म्हणजे क्लबफूट असेल, तर पहिल्या काही आठवड्यांतच दर आठवड्याला प्लास्टर बदलत पाय सरळ करता येतो. नंतर चार वर्षांपर्यंत झोपताना खास बूट घालावे लागतात. हे बूट मध्येच सोडले की पाय पुन्हा वळतो.

कोणत्या बाळांवर विशेष लक्ष हवं

दिवस पूर्ण भरण्याआधी जन्मलेलं, कमी वजनाचं, जन्मल्यावर लगेच न रडलेलं, नवजात अतिदक्षता कक्षात काचेच्या पेटीत राहिलेलं, झटके आलेलं किंवा खूप कावीळ झालेलं बाळ हे जोखमीचं बाळ. दवाखान्यातून घरी सोडलं म्हणजे काम संपलं, असा समज इथे घात करतो. अशा बाळाच्या वाढीवर किमान दोन वर्षं नजर ठेवावी लागते.

पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. आनंद पंडित, डॉ. सुधा चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे काम चिकाटीने करून दाखवलं. १९८७ ते १९८९ या काळात जन्मलेल्या, दोन किलोहून कमी वजनाच्या मुलांचा त्यांनी थेट अठराव्या वर्षापर्यंत पाठपुरावा केला. बहुतेक मुलांची बुद्धी सर्वसाधारण मर्यादेत होती. पण बाराव्या वर्षी हात-नजरेचा मेळ, वाचन आणि गणित यांत ही मुलं सोबतच्या मुलांपेक्षा मागे दिसली. जन्माच्या वेळची जोखीम शाळेच्या बाकापर्यंत सोबत करू शकते, असं या अभ्यासातून दिसतं.

दुसरी बाब दक्षिण महाराष्ट्राच्या चालीरीतीची. मामाच्या किंवा आत्याच्या मुलाबाळांशी लग्न करण्याची पद्धत आपल्याकडे अजून आहे. जवळच्या नात्यातल्या लग्नांत जन्मजात बहिरेपणा आणि काही आनुवंशिक आजारांची शक्यता वाढते. प्रत्येक मुलाला आजार होतोच, असा याचा अर्थ नाही. पण आई-वडील नात्यातले असतील तर ते डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगावं आणि बाळाच्या ऐकण्याची तपासणी चुकवू नये.

काय दिसलं की थांबायचं नाही

मुलं पुढेमागे शिकतात. जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतल्या निरोगी मुलांची नोंद घेतली, तेव्हा आधाराशिवाय बसण्याचं वय चार ते नऊ महिने आणि स्वतः चालण्याचं वय आठ ते अठरा महिने असं पसरलेलं आढळलं. म्हणून शेजारच्या बाळाशी तुलना करण्यात अर्थ नाही. मात्र पुढील गोष्टी दिसल्या तर तपासणी करून घ्यावी :

• तीन महिन्यांचं बाळ नजरेला नजर देऊन हसत नाही.

• पाच महिन्यांचं झालं तरी मान धरत नाही.

• नऊ-दहा महिन्यांपर्यंत आधाराशिवाय बसत नाही.

• वर्षाचं होऊनही नावाने हाक मारल्यावर वळत नाही, हवी ती वस्तू बोटाने दाखवत नाही.

• अठरा महिन्यांपर्यंत चालत नाही किंवा अर्थाचा एकही शब्द बोलत नाही.

• दोन वर्षांचं झालं तरी ‘दूध दे’, ‘बाबा आले’ असे दोन शब्द जोडत नाही.

• वर्षाच्या आतच एकच हात वापरतं, दुसरी मूठ कायम मिटलेली असते.

• अंग फार ताठ किंवा फार सैल वाटतं.

• आधी येत असलेली गोष्ट, उदाहरणार्थ बोलणं, थांबली आहे. यात मात्र एक दिवसही दवडू नये.

बाळ महिना-दोन महिने आधी जन्मलं असेल, तर तेवढे महिने वजा करून वय धरावं. दोन वर्षांपर्यंत हा हिशेब चालतो.

पहिली नोंद गावातच

६ फेब्रुवारी २०१३ रोजी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या पालघर इथून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम देशभरासाठी सुरू झाला. गावात लोक त्याला ‘आरबीएसके’ म्हणतात. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांमधले जन्मजात दोष, पोषणाच्या कमतरता, बालपणीचे आजार आणि वाढीतला विलंब शोधून त्यांच्यावर मोफत उपचार करणं, हा त्याचा उद्देश.

शोध तीन पायऱ्यांवर होतो. प्रसूती झालेल्या दवाखान्यात डॉक्टर आणि परिचारिका बाळाला डोक्यापासून पायापर्यंत तपासतात. घरी आल्यावर आशाताई येतात. दवाखान्यात प्रसूती झाली असेल तर पहिल्या ४२ दिवसांत त्यांच्या सहा भेटी ठरलेल्या आहेत. घरी जाऊन बाळाची काळजी घेण्याची ही पद्धत गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने उभी केली आणि पुढे देशाने स्वीकारली. त्यानंतर तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात आणखी पाच भेटी असतात.

तिसरी पायरी फिरत्या पथकाची. पथकात दोन डॉक्टर, एक औषधनिर्माता आणि एक परिचारिका असते. पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं. पथकाची गाडी येणार त्या दिवशी मूल अंगणवाडीत असणं, ही एवढीच गोष्ट घरच्यांच्या हातात असते आणि नेमकी तीच चुकते. मूल मामाच्या गावाला गेलेलं असतं, नाहीतर ‘आजारी आहे, आज नको’ म्हणून घरी ठेवलेलं असतं. तपासणीची तारीख अंगणवाडी सेविकेकडून आधी विचारून घ्यावी.

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यानेही जोखमीची मुलं ओळखण्यासाठी सर्व मुलांची वर्षातून किमान एकदा तपासणी करण्याची जबाबदारी सरकारवर टाकली आहे. त्यामुळे तपासणी मागताना संकोच बाळगायचं कारण नाही.

जिल्ह्याच्या केंद्रात कोण कोण असतं

पथकाला शंका आली की मुलाला जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात. रुग्णालयाच्या भाषेत हे ‘डीईआयसी’. साताऱ्याचं क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालय आणि सांगलीचं वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय लोकांच्या तोंडी नुसतं ‘सिव्हिल’ असतं. सिव्हिलमध्ये केसपेपर काढताना ‘डीईआयसी कुठे’ असं विचारलं तरी वाट सापडते.

केंद्राच्या रचनेत बालरोगतज्ज्ञ, वैद्यकीय अधिकारी, दंतवैद्य, फिजिओथेरपिस्ट, श्रवण व वाचा उपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, डोळे तपासणारे ऑप्टोमेट्रिस्ट, विशेष शिक्षक, समाजसेवा कार्यकर्ता, प्रयोगशाळा तंत्रज्ञ आणि या सगळ्यांची मोट बांधणारा व्यवस्थापक, अशी पदं धरलेली आहेत. प्रत्येक पद प्रत्येक वेळी भरलेलं असतंच असं नाही. म्हणून कोणत्या वारी कोण भेटतं, हे पहिल्याच खेपेला विचारून कार्डावर लिहून घ्यावं. शस्त्रक्रिया किंवा मोठ्या चाचण्या लागल्या तर इथूनच पुढच्या रुग्णालयात पाठवतात. हृदयाला जन्मतः छिद्र, दुभंगलेला ओठ वा टाळू, मोतीबिंदू अशा शस्त्रक्रिया याच कार्यक्रमातून मोफत होतात.

पहिली भेट तास-दोन तासांची असू शकते. मुलाला सतरंजीवर बसवतात, समोर ठोकळे, चेंडू, घंटी ठेवतात. परक्याला ते खेळ वाटतात. पण ठोकळा उचलताना बोटं कशी जुळतात, डावा हात मागे राहतो का, घंटी पाठीमागे वाजली की मान वळते का, खेळणं रुमालाखाली लपवलं तर मूल शोधतं का आणि सापडल्यावर आईकडे बघून हसतं का, हे सगळं नोंदलं जात असतं. मूल झोपेत किंवा भुकेलं असेल तर यातलं काहीच नीट दिसत नाही. म्हणून त्याचं खाणं, झोप आणि एसटीची वेळ जुळवून निघावं.

एका घासात पाच प्रश्न

इतके तज्ज्ञ कशाला, असं वाटणं साहजिक आहे. सेरेब्रल पाल्सी असलेल्या दीड वर्षाच्या मुलाचं जेवण डोळ्यांपुढे आणा. या आजारात मेंदूला झालेल्या इजेमुळे स्नायूंवर ताबा राहत नाही. आई मुलाला मांडीवर आडवं घेते, मान मागे टाकते आणि पातळ पेज चमच्याने तोंडात सोडते. मूल अंग ताणतं, ठसका लागतो, अर्धी पेज बाहेर येते. एका वाटीला तास जातो. आई दमते, मूल उपाशी राहतं आणि दर महिन्याला छाती भरते.

फिजिओथेरपिस्टला दिसतं की मान मागे गेल्यामुळे अंग ताठ होतंय. वाचा उपचारतज्ज्ञाला दिसतं की पातळ पेज गिळण्याआधीच घशात उतरते आणि थोडी श्वासनलिकेकडे जाते. छाती वारंवार का भरते, याचं उत्तर डॉक्टरांना इथे मिळतं. आहाराचा विचार करणाऱ्याला वजन का वाढत नाही ते कळतं. आणि समाजसेवा कार्यकर्ता विचारतो : आई रोज भांगलणीला जाते, मग दुपारचं कोण भरवतं? आजी.

पाच जण पाच खोल्यांत बसले तर आईच्या हाती पाच कागद येतात आणि घरी गेल्यावर एकही पाळला जात नाही. पाचही जण एकत्र बसले तर एकच उपाय निघतो. मुलाला भिंतीच्या कोपऱ्यात, दोन्ही बाजूंनी गोधडीच्या वळकट्या लावून सरळ बसवायचं. मान किंचित पुढे. भरवणाऱ्याने समोर, मुलाच्या नजरेच्या उंचीवर बसायचं. पेजेऐवजी मऊ घोटलेला भात-वरण, त्यात तूप आणि बारीक शेंगदाण्याचा कूट. चमचा खालून, ओठांच्या पातळीवर आणायचा आणि मूल स्वतः ओठ मिटेपर्यंत थांबायचं. हे आईबरोबर आजीलाही करून दाखवायचं, तिच्याकडून करवून घ्यायचं. बसणं, गिळणं, वजन, छाती आणि पुढे बोलण्यासाठी लागणारा ओठ-जिभेचा सराव, हे सगळं त्या एका जेवणात साधतं. एकत्र उपचाराचं खरं मोल इथे कळतं.

फलटणचं एक नाव

जेवणासारख्या रोजच्या कामांतूनच माणसाला हात-पाय आणि आत्मविश्वास परत मिळवून द्यायचा, ही ऑक्युपेशनल थेरपीची रीत. भारतात ती आणण्याचं श्रेय ज्यांना जातं, त्यांच्या नावाची शाळा सातारा जिल्ह्यात आहे. फलटणचं कमला निंबकर बालभवन अनेकांना माहीत असतं. कमला निंबकर कोण, हे कमी जणांना. अमेरिकेत जन्मलेल्या एलिझाबेथ लंडी लग्नानंतर कमला निंबकर झाल्या. त्यांनी अमेरिकेत या विषयाचं शिक्षण घेतलं आणि १९५० मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात देशातलं पहिलं ऑक्युपेशनल थेरपीचं शिक्षण सुरू केलं. १९५२ मध्ये या तज्ज्ञांची जागतिक संघटना स्थापन झाली, तेव्हा भारत संस्थापक देशांमध्ये होता. आज जिल्ह्याच्या ठिकाणी ऑक्युपेशनल थेरपिस्ट मिळणं अवघड असतं. म्हणून हे काम फिजिओथेरपिस्ट आणि विशेष शिक्षक आपसात वाटून घेतात, आणि तसं वाटून घेणं हाही एकत्र कामाचाच भाग आहे.

एक जबाबदार माणूस, एकच योजना

तज्ज्ञांच्या गटाने काम करण्याच्या जगभरात तीन पद्धती आहेत. पहिलीत प्रत्येक तज्ज्ञ आपापली तपासणी करून आपापला सल्ला देतो. दुसरीत ते एकमेकांशी बोलून सल्ला जुळवतात. तिसरीत सगळे मिळून योजना ठरवतात आणि त्यांतला एक जण त्या कुटुंबाचा मुख्य माणूस होतो. घरच्यांशी नियमित बोलणं, दाखवणं, शिकवणं तो करतो, आणि बाकीचे त्याच्या पाठीशी राहतात. लहान मुलांसाठी तिसरी पद्धत सोयीची ठरते, कारण मूल रोज नव्या चेहऱ्याला बुजतं आणि आईलाही एकच गोष्ट पाच ठिकाणी सांगावी लागत नाही.

अमेरिकेत १९८६ च्या कायद्याने तीन वर्षांखालच्या, मदतीची गरज असलेल्या प्रत्येक मुलासाठी ‘कुटुंबाची’ लेखी योजना करण्याची पद्धत आणली. त्यात मुलाइतकाच घराचा विचार असतो. आपल्याकडे तशी कायद्याची सक्ती नाही, पण ती चाल उचलायला पैसे लागत नाहीत. केंद्रातून निघताना तीन गोष्टी लिहून मागाव्यात : पुढच्या तीन महिन्यांत नेमकं काय साधायचं आहे, त्यासाठी घरी कोणी काय करायचं, आणि अडचण आली तर कोणाला फोन करायचा. ‘स्नायूंची ताकद वाढवणे’ हे उद्दिष्ट आजीला कळत नाही. ‘दिवाळीपर्यंत गौरी-गणपतीच्या पाटाएवढ्या बुटक्या पाटावर हात न धरता पाच मिनिटं बसणे’ हे सगळ्यांना कळतं, आणि ते जमलं की नाही तेही दिसतं.

उरलेले दिवस घरचे

आठवड्यातून एकदा, पाऊण तास केंद्रात गेलं, तर उरलेला सगळा आठवडा मूल घरीच असतं. म्हणून केंद्रात तज्ज्ञ मुलाला काय करतात, यापेक्षा तिथे घरच्यांना काय शिकायला मिळतं याला जास्त महत्त्व आहे. आणि घरी व्यायामाचा वेगळा तास काढण्यापेक्षा रोजच्या कामांत सराव मिसळला तर तो टिकतो.

तेल लावताना ताठ पाय हळूहळू मोकळे करता येतात. आंघोळीला ‘डोकं, हात, पोट’ म्हणत पाणी घातलं की शब्द कानावर पडतात. भाकरी थापताना मुलाच्या हाती पिठाचा गोळा दिला की बोटं चालतात. बोलायला उशीर होणाऱ्या मुलाला सगळं न मागता देऊ नये. दोन वस्तू समोर धराव्यात, ‘केळं की बिस्किट?’ विचारावं आणि मनात दहापर्यंत मोजत थांबावं. त्याने हात केला, आवाज काढला, तरी ते उत्तर मानावं.

दोन गोष्टी मात्र टाळाव्यात. एक म्हणजे चाकांचा पांगुळगाडा : त्याने मूल चालायला लवकर शिकत नाही, उलट पडण्याचा धोका वाढतो. दुसरा मोबाइल. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेचा २०२१ चा सल्ला स्पष्ट आहे : दोन वर्षांखाली पडदा नको. मोबाइल दाखवून भरवलेलं मूल खातं, पण बोलत नाही.

माण, जत, पाटण : अडचणी कुठे येतात

उपचार सुरू होणं जितकं अवघड, त्याहून तो टिकणं अवघड. जत तालुक्याच्या पूर्व टोकाच्या उमदीहून सांगली गाठायची तर शंभर किलोमीटरहून जास्त अंतर. पाटण आणि जावळीच्या डोंगरकपारीतल्या वाड्यांना पावसाळ्यात तालुक्याचं गावही लांब पडतं. एक खेप म्हणजे एक दिवसाची मजुरी आणि दोघांचं भाडं. अशा घराला ‘दर आठवड्याला या’ म्हणणं म्हणजे येऊ नका म्हणण्यासारखंच. त्यांच्यासाठी महिन्यातून एक भेट, त्या एकाच दिवशी सगळे तज्ज्ञ, आणि मधल्या काळात फोनवरून घरच्या सरावाचे व्हिडिओ पाहणं, अशी आखणी लागते. ती पालकांनी मोकळेपणाने मागावी.

ऊसतोडीचा हंगाम हा दुसरा खंड. दिवाळीच्या आसपास बाहेरच्या टोळ्या कारखान्यांवर येतात आणि दुष्काळी पट्ट्यातली माणसंही कोयता घेऊन बाहेर पडतात. मूल फडावर जातं, सराव थांबतो, क्लबफूटचे बूट पिशवीत राहतात. निघण्याआधी केंद्रातून मुलाच्या नोंदीची प्रत घ्यावी. पोहोचल्यावर कारखान्याजवळच्या अंगणवाडीत किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात ती दाखवावी. आरबीएसके देशभर असल्याने दुसऱ्या जिल्ह्यातही सेवा मिळते. गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या, व्यवसायासाठी खानापूर-आटपाडीहून परराज्यांत गेलेल्या कुटुंबांनाही हेच लागू.

तिसरी अडचण भाषेची. जतच्या कितीतरी घरांत कानडी बोलतात. तिथल्या मुलाची बोलण्याची तपासणी फक्त मराठीत केली तर ते मागे आहे असा चुकीचा शेरा बसू शकतो. घरी कोणती भाषा बोलतात, हे आवर्जून सांगावं. दोन भाषांमुळे मूल मुकं राहतं, हा समज चुकीचा आहे. आईला जी भाषा मोकळेपणाने येते, तिच्यातच तिने मुलाशी बोलावं.

कागदपत्रं आणि सवलती

उपचार सुरू होण्यासाठी दिव्यांग प्रमाणपत्र लागत नाही, हे आधी लक्षात घ्यावं. पुढे गरज पडली तर स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करून जिल्हा रुग्णालयात तपासणी होते आणि यूडीआयडी कार्ड मिळतं. २०१६ च्या कायद्यात २१ प्रकारच्या दिव्यांगत्वाची नोंद आहे, त्यात स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, थॅलेसेमिया हेही येतात. ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असेल तर एसटीच्या भाड्यात सवलत आणि इतर योजना मिळतात.

स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविध दिव्यांगत्व असलेल्यांसाठी राष्ट्रीय न्यासाची ‘निरामय’ विमा योजना आहे. तिच्यात वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत खर्च मिळतो आणि थेरपीचा खर्चही त्यात धरता येतो. जन्मतः ऐकू न येणाऱ्या मुलांच्या कॉक्लिअर इम्प्लांटसाठी केंद्राच्या ‘एडिप’ योजनेतून मदत होते, पण तिथे वयाची अट पाच वर्षांपर्यंतची आहे. वाट पाहण्याची किंमत इथे कागदावरच लिहिलेली सापडते. महाराष्ट्राने ३ डिसेंबर २०२२ रोजी दिव्यांगांसाठी स्वतंत्र मंत्रालयीन विभाग सुरू केला. जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागात या योजनांची चौकशी करता येते.

आईवरचा भार

मुलात काही वेगळं दिसलं की बोट आईकडे वळतं. ग्रहणात चिरलं असेल, पायगुण वाईट. यातल्या कशानेही स्वमग्नता किंवा सेरेब्रल पाल्सी होत नाही. हे सासरच्या माणसांपुढे डॉक्टरांच्या तोंडून एकदा वदवून घेतलं तर पुष्कळ फरक पडतो, म्हणून निदान ऐकताना बाप आणि आजी-आजोबांपैकी एक जण हजर असावा. नवस, देवऋषी, ताईत यांवर वाद घालण्यात वेळ घालवू नये. ते करायचं असेल तर करा, पण केंद्राची तारीख चुकवू नका, एवढं घरात ठरलं तरी पुरे. थोरल्या भावंडाला खेळगडी म्हणून सोबत घ्यावं, मात्र त्याचं बालपण सांभाळ करण्यात जाऊ देऊ नये. आणि आईला आठवड्यात एक दुपार मोकळी मिळणं हाही उपचाराचाच भाग समजावा.

केंद्रात जाताना सोबत काय न्यावं

• माता-बाल संरक्षण कार्ड, प्रसूतीच्या दवाखान्याचे आणि नवजात कक्षाचे कागद.

• मुलाचं आणि पालकाचं आधार कार्ड, रेशन कार्ड.

• घरी काढलेले दोन छोटे व्हिडिओ : मूल जेवताना आणि खेळताना.

• मनातले प्रश्न कागदावर लिहून. आत गेल्यावर निम्मे विसरतात.

• मुलाला रोज भरवणारी, सांभाळणारी व्यक्ती. ती आजी असेल तर आजी.

तपासणीत सगळं ठीक निघालं, तर एक दिवसाची मजुरी आणि एसटीचं भाडं गेलं, एवढंच. काही निघालं, तर उपचार वेळेत सुरू होतात. तुमच्या किंवा शेजारच्या घरातल्या बाळाबद्दल मनात शंका असेल तर पुढच्या वाढदिवसाची वाट पाहू नका. या आठवड्यातच आशाताईंना किंवा अंगणवाडी सेविकेला सांगा आणि सिव्हिलची तारीख घ्या.